६१७४ ची कसोटी

आशागडहून जवळच असलेले डहाणू चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. ह्याच डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते १९२९ साली पदवीधर झाले आणि पुढे देवळाली येथे शिक्षक म्हणून राहिले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे वेड, एवढेच त्यांचे भांडवल!

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक नवल सांगितले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी. शून्य आल्यास तेही अंक म्हणून धरावे. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करीत जावे. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहू:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

ह्यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली, तरी ६१७४ च येते.

परंतु एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. ११११ घेतली, तर पहिल्याच वजाबाकीत शून्य उरते. म्हणून ‘सर्व अंक सारखे नसावेत’ अशी अट नियमास जोडावी लागते. अपवाद लपवावयाचा नसतो; तो शोधून काढावयाचा असतो. शास्त्राची वाटचाल अशीच होते.

आज एखादा संशोधक विद्यार्थी १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सर्व संख्या संगणकाकडून क्षणार्धात तपासून घेऊ शकतो. सारख्या अंकांच्या नऊ संख्या वगळल्या, तर उरलेल्या ८,९९१ संख्या अधिकांत अधिक सात पायऱ्यांत ६१७४ वर येतात. मात्र विचार केल्यास श्रम आणखी वाचतात. पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. अशा फरकांच्या जोड्या केवळ ५४ होतात. तेवढ्या तपासल्या, की सर्व संख्या तपासल्यासारखेच होय. म्हणजे यंत्र वेगाने मोजते. परंतु काय मोजावे, हे माणसाने ठरवावयाचे असते.

कापरेकरांच्या कामास कित्येक विद्वान पोरखेळ समजत. त्यांनी मात्र मोजणे सोडले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, आणि त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले; ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून आजही ओळखला जातो.

सत्य सांगणाऱ्याची पदवी पाहून ठरत नाही. ते कसोटीस उतरावे लागते. ती कसोटी आशागडच्या शाळेतील मुलासही आपल्या पाटीवर घेता येते.

स्वाध्याय
१. नियमास कोणती अट जोडावी लागली? का?
२. आपल्या जन्मवर्षापासून ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात, ते काढा.