उन्हाळ्याचं काम दिवाळीत

अगं, ‘ताई, उन्हाळ्यात कुठं फेलोशिप मिळेल का?’ असा फोन मला हमखास एप्रिलमध्ये येतो. परीक्षा तोंडावर आलेली असते, कॉलेजनं इंटर्नशिपचा दाखला मागितलेला असतो आणि चांगल्या जागांचे अर्ज केव्हाच बंद झालेले असतात. तू आता कुठं दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणून तुला वेळेवर सांगतेय. उन्हाळ्याचं काम दिवाळीत करायचं असतं. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत तुझा पहिला अर्ज लिहून झालेला हवा.

हा पहिला अर्ज म्हणजे तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस मिळून ही फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं, दरमहा विद्यावेतन मिळतं, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडंही ठरावीक मर्यादेत परत मिळतं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, भूविज्ञान हे विषय आहेतच, पण अभियांत्रिकीच्या मुलींनाही अर्ज करता येतो. मुदत साधारण नोव्हेंबरच्या आसपास संपते. तारीख दरवर्षी थोडी मागंपुढं होते, तेव्हा सप्टेंबरपासूनच त्यांचं संकेतस्थळ बघत राहा. आणि हो, ही फेलोशिप शिक्षकांसाठीही असते. तुमच्या विभागातल्या तरुण मॅडमना हे आवर्जून सांग. कॉलेजातली एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका अशा दोघी बाहेरची प्रयोगशाळा बघून आल्या, तर मागच्या मुलींना त्याचा केवढा उपयोग होतो.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. ‘आपल्या तालुक्याच्या कॉलेजचं नाव वाचून कोण घेणार आपल्याला?’ अगं, ज्यांच्या कॉलेजात चांगला सूक्ष्मदर्शकही धड नाही, त्यांना तर या दोन महिन्यांची सगळ्यात जास्त गरज असते. आयआयटीतल्या मुलीला प्रयोगशाळा जिना उतरला की मिळते. तुला ती मागावी लागणार, आणि मागायला लाजायचं काही कारण नाही. इंडियन अकॅडमी सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी जागा मागत होत्या, तेव्हा याच रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून नकार दिला होता. त्या हटल्या नाहीत. अटी मान्य करून आत शिरल्या, काम करून दाखवलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. आज रामन यांच्या अकादमीचा अर्ज तुझ्यासाठी खुला आहे. तो न भरताच ‘आपलं नाही व्हायचं’ म्हणणं मला पटत नाही.

गुण बघतात, नाही असं नाही. पण सारखेच गुण असलेले अर्ज ढिगानं येतात. मग फरक पडतो दोन गोष्टींनी: तुला काय करायचंय हे सांगणारा तुझा छोटा परिच्छेद, आणि शिक्षकांचं शिफारसपत्र.

परिच्छेदात ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ असं लिहू नकोस. ते सगळेच लिहितात आणि त्यातून तुझ्याबद्दल काहीच समजत नाही. समजा तू हिंगोली-नांदेडकडची आहेस, सूक्ष्मजीवशास्त्र शिकतेस आणि घरच्या हळदीवर करपा पडतो. मग तेच लिही. हा करपा बुरशीमुळं होतो, मातीतले कोणते जिवाणू या बुरशीची वाढ रोखतात ते मला प्रयोगशाळेत तपासायला शिकायचंय, बुरशी वाढवायचं माध्यम मी कॉलेजात बनवलेलं आहे, जिवाणूंची जनुकीय ओळख पटवणं मात्र मला अजून येत नाही. एवढंच. काय येतं, काय येत नाही आणि कोणता प्रश्न डोक्यात आहे, हे साध्या वाक्यांत आलं की वाचणाऱ्याला तुझ्यासाठी योग्य शास्त्रज्ञ शोधता येतो. इंग्रजी अलंकारिक नसलं तरी चालतं, स्पष्ट हवं. दुसऱ्याचा परिच्छेद उचलू नकोस आणि यंत्राकडून गुळगुळीत करूनही घेऊ नकोस, कारण मुलाखत झाली तर त्यातल्या प्रत्येक शब्दावर तुलाच उत्तर द्यायचंय.

शिफारसपत्राचं मात्र आपल्याकडं फार हेळसांडीचं काम असतं. शेवटच्या दोन दिवसांत मुली विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर उभ्या राहतात आणि सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे टाळ. ज्यांनी तुला प्रॅक्टिकलला काम करताना बघितलंय त्यांच्याकडं जा, त्यांचं पद कितीही छोटं असो. महिनाभर आधी जा. जाताना एका कागदावर मुद्दे लिहून ने: कोणते प्रयोग केलेस, कोणता बिघडला आणि तो तू कसा सावरलास, सेमिनार कशावर दिलास. ‘सर, पत्र तुम्हीच तुमच्या शब्दांत लिहा’ असं नम्रपणे म्हण. पत्र आता बहुतेक ठिकाणी शिक्षकांना स्वतःच्या ई-मेलवरून किंवा संकेतस्थळावर भरावं लागतं. ते गेलं की नाही हे मुदतीच्या चार दिवस आधी विचारून घे. शिक्षकांना त्याचा राग येत नाही. चांगले अर्ज केवळ पत्र पोचलं नाही म्हणून बाद होतात, आणि ते बघून मला फार हळहळ वाटते.

आता घराजवळचं बघू. मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, टीआयएफआर, दर उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी बोलावते. तिचंच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र, एनसीआरए, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे ना, ती हेच केंद्र चालवतं. त्याच आवारात जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका आहे. तिच्या सुट्टीतल्या विद्यार्थी कार्यक्रमात काम चांगलं झालं आणि शेवटची मुलाखत जमली, तर पुढं तिथंच पीएचडीला आधीच निवड होऊ शकते. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलींपैकी फार थोड्याजणींना हे माहीत असतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे आणि तो पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. बाकी ठिकाणी ‘तिसऱ्या वर्षाला आल्यावर या’ म्हणतात, तेव्हा हा फार मोलाचा. गणितवाल्या मैत्रिणीला एमटीटीएसचं नाव सांग. मुंबई विद्यापीठात शिकवलेल्या प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं हे काही आठवड्यांचं उन्हाळी शिबिर आहे. तिथं पाठांतर चालत नाही. फळ्यापाशी उभं राहून स्वतः विचार करावा लागतो आणि चुकलेलं चारचौघांत दुरुस्त करावं लागतं. पहिल्या आठवड्यात रडू येतं म्हणे, पण परत आलेल्या मुली गणिताकडं वेगळ्याच नजरेनं बघतात.

तुझ्या वर्गात कुणाला इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे का? वर्षाला ८०,००० रुपयांची ती. त्यातले ६०,००० हातात येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. उरलेले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाकडं प्रकल्प करण्यासाठीच असतात, आणि त्यासाठी प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागतो. म्हणजे तिच्याकडं कुणाकडंही जाऊन ‘मला शिकवा, खर्चाची सोय माझी मी करते’ म्हणायची ताकद आहे. तिला हे सांग.

अभियांत्रिकीच्या मुलींचं थोडं वेगळं. आयआयटी मद्रास, कानपूर, गांधीनगर इथल्या उन्हाळी जागा आहेतच, त्यांचे अर्ज हिवाळ्यात आणि वसंतात निघतात. पण मला त्याहून जास्त आवडतो तो आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प. तिथं आधी एक काम देतात आणि ते करून दाखवणाऱ्याला घेतात. केमिकलची असशील तर ‘डीडब्ल्यूसिम’वर प्रक्रियेची मांडणी, सिव्हिलची असशील तर पोलादी सांध्यांचं संकल्पन करणारं ‘ओसडॅग’, इलेक्ट्रॉनिक्सची असशील तर ‘ईसिम’. ही सगळी मुक्त सॉफ्टवेअर आहेत, आजच उतरवून सराव सुरू करता येतो. कॉलेजचं नाव मागं पडतं आणि तुझं काम पुढं येतं, अशा जागा फार नाहीत. तिथलाच ‘ई-यंत्र’ प्रकल्प रोबोटिक्सच्या स्पर्धेत चमकलेल्या मुलांना उन्हाळ्यात बोलावतो. जर्मनीचं स्वप्न असेल तर डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची ‘वाईज’ योजना बघ, पण तिथल्या प्राध्यापकाचं निमंत्रण आधी लागतं, तेव्हा पत्रव्यवहार पावसाळ्यातच सुरू करायला हवा.

प्राध्यापकांना थेट पत्र लिहिशील तेव्हा एकच मजकूर दोनशे जणांना पाठवू नकोस. मोजक्या नावांवर थांब. त्यांचा एक अलीकडचा शोधनिबंध काढ, सगळा नाही समजला तरी सारांश आणि प्रस्तावना दोनतीनदा वाच, आणि त्यातून पडलेला एक खरा प्रश्न पत्रात विचार. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या किंवा दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञाला ‘तुमच्या थोर संशोधनात रस आहे’ हे वाक्य रोज येतं. प्रश्न क्वचित येतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, मग सोडून दे.

आणि एक गोष्ट मी तुला अगदी हात धरून सांगते: इंटर्नशिपसाठी पैसे भरायचे नाहीत. आता पदवीला इंटर्नशिपचे श्रेयांक लागतात, म्हणून दाखले विकणाऱ्यांचा बाजार उभा राहिलाय. व्हॉट्सॲपवर संदेश येतो, दोन मिनिटांत ‘निवडपत्र’ येतं, मग नोंदणीचे काही हजार भर म्हणतात, महिनाभर चित्रफिती बघायला देतात आणि शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. बाबांनी घाम गाळून मिळवलेला पैसा यात घालू नकोस. जो खरंच काम देतो तो तुला पैसे देईल किंवा फुकट शिकवेल, पण तुझ्याकडून घेणार नाही. क्लास लावायचा तर क्लास म्हणून लाव, त्याला इंटर्नशिप म्हणू नकोस.

कुठंच निवड झाली नाही, तरी उन्हाळा वाया जात नाही. मेकॅनिकलची मुलगी असशील तर जवळच्या साखर कारखान्यात जा. गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यात ओव्हरहॉलिंग चालतं. मिलचे रोलर, टर्बाइन, बॉयलर सगळं उघडलेलं असतं. एरवी पुस्तकात आडवा छेद काढून शिकतेस ते तिथं समोर पडलेलं दिसतं. हंगामात तुला कुणी जवळही जाऊ देणार नाही, पण मे महिन्यात चीफ इंजिनिअरना वेळ असतो. रसायनशास्त्राची असशील तर नगरपालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र, शेतीशी नातं असेल तर कृषी विज्ञान केंद्र. प्राचार्यांचं पत्र घेऊन स्वतः जा, फोनवर विचारू नकोस. मुलगी म्हणून शॉपफ्लोअरवर नको म्हणाले तर तिथंच मागं फिरू नकोस. एका मैत्रिणीला बरोबर घे आणि दोघींनी मिळून पुन्हा विचारा.

घरचं बोलणंही दिवाळीतच उरक. निवड झाल्यावर मे महिन्यात ‘दोन महिने एकटी बेंगळुरूला?’ हा प्रश्न आला की पंधरा दिवस त्यातच जातात. आईबाबांना संस्थेचं पान दाखव, वसतिगृह आत आहे की बाहेर ते आधी विचारून घे, आणि जमलं तर तिथं जाऊन आलेल्या मुलीचा आईशी फोन लावून दे. आईला आईच्या प्रश्नांची उत्तरं मुलीकडून मिळाली की पुष्कळ सोपं होतं. बँकेतलं खातं तुझ्या एकटीच्या नावावर असू दे. विद्यावेतन उशिरा येतं, कधीकधी काम संपल्यावर, म्हणून पहिल्या महिन्याच्या जेवणखाण्याची आणि खोलीची तजवीज करूनच नीघ. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा मे-जूनपर्यंत लांबतात. तारखा अडत असतील तर मार्गदर्शकांना लगेच कळव, काही ठिकाणी पुढं सरकवून मिळतं.

तिथं कुणाचं वागणं खटकलं तर ‘आपण पाहुणे आहोत’ म्हणून गप्प राहू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे आणि संस्थेत अंतर्गत समिती असते. तिचे नंबर पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेव.

प्रयोगशाळेत गेल्यावर खरी शिकवण मोठ्या सरांकडून नाही, पीएचडी करणाऱ्या मुलामुलींकडून मिळते. त्यांच्याशी मैत्री कर. रोज रात्री वहीत लिही: काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं असावं. सुरुवातीला काहीच जमत नाही आणि ‘आपली निवड चुकून झाली’ असं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. चहाच्या वेळी कोपऱ्यात बसून राहू नकोस, कारण पुढच्या उन्हाळ्याच्या जागा तिथल्याच गप्पांत कळतात.

तेव्हा या आठवड्यात तीनच कामं कर. अकादमीचं संकेतस्थळ उघडून यंदाची तारीख कॅलेंडरवर लिही. पत्रासाठी कोणत्या मॅडमकडं जायचं ते ठरव. आणि तो परिच्छेद, कच्चा का होईना, लिहून मला पाठव. इंग्रजीची लाज वाटली तर आधी मराठीत लिही, आपण दोघी बसून तो नीट करू.