सही सगळ्यात शेवटी बघा

ऑप आर्टची, म्हणजे डोळ्यांपुढे हलल्यासारख्या भासणाऱ्या भौमितिक चित्रांची, छापील प्रत घ्यायला आलेला माणूस आधी खालचा उजवा कोपरा बघतो. तिथे पेन्सिलीने केलेली सही दिसली की त्याचा जीव भांड्यात पडतो. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. जर्मनीत नोकरीला असताना मला या चित्रांचा नाद लागला. तेव्हापासून जे पाहत आलो त्यावरून सांगतो, सही सगळ्यात शेवटी बघायची.

याचं कारण या चित्रांच्या जातीतच आहे. ऑप आर्टचा चित्रकार व्हिक्टर वासारेली हंगेरीतल्या पेच गावचा, जन्म 1906 चा. 1930 साली तो पॅरिसला आला आणि बरीच वर्षं जाहिरातींची कामं करून त्याने पोट भरलं. पुढे चौकोन, वर्तुळं आणि रंगांची मांडणी तो ठरवायचा आणि प्रत्यक्ष रंग भरण्याचं बरंचसं काम सहायक करायचे. याच शैलीतली लंडनची चित्रकार ब्रिजेट रायलीही मोठी चित्रं सहायकांकडून रंगवून घेत आली आहे. म्हणजे चित्रात ब्रशचा फटकारा नाही की हाताची थरथर नाही. हुसेनची नक्कल करायची तर रेषेवर हुकूमत लागते. इथे संगणकावर एका दुपारी सगळी आकृती उभी राहते आणि खोटं करायला उरतं फक्त नाव. भाव ज्या दोन इंचांवर ठरतो, तेच दोन इंच नक्कल करायला सगळ्यात सोपे.

गंमत म्हणजे चित्र एकमेव असावं हा आग्रह वासारेलीलाच मान्य नव्हता. कला पुष्कळांच्या घरात जावी असं त्याचं म्हणणं होतं आणि त्याने प्रतीही भरपूर काढल्या. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन झालं आणि या पट्ट्यापट्ट्यांची एकच लाट आली. कपड्यांवरसुद्धा ती नक्षी छापली गेली. रायली त्यावर चांगलीच संतापली होती. मागणी वाढली की खोट्या मालाची पैदास आपोआप होते.

तर आधी भिंग काढा. दागिने पारखतात तसलं दहापट मोठं दाखवणारं पुरे. ही चित्रं बहुतेक स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली असतात. आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांवर शाई बोटाला जाणवायची तसाच इथेही रंगाचा सपाट थर कागदावर बसलेला दिसतो. दोन रंग जिथे भेटतात तिथली कड स्वच्छ असते, एखाद्या जागी एक रंग दुसऱ्यावर केसभर चढलेला असतो. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेटवर छापलेलं पोस्टर आहे. बारीक तुषार उडाल्यासारखं दिसलं तर ते कुणाच्या तरी प्रिंटरमधून आलेलं आहे. एका लहान लिलावघरात ‘सेरीग्राफ (म्हणजे स्क्रीन प्रिंट), सही केलेली’ म्हणून मांडलेल्या चित्रात मला अशी ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसली. मी तिथल्या बाईंना दाखवली, त्या गोड हसल्या. दुसऱ्या दिवशी ते चित्र चांगल्या भावाला गेलं.

आकड्यांचं प्रकरण निराळं. 12/250 म्हणजे अडीचशे प्रतींतली बारावी, हे खरं असलं तरी पुरतं खरं नाही. त्या अडीचशेखेरीज ‘ई. ए.’ लिहिलेल्या चित्रकाराच्या प्रती असतात, ‘एच. सी.’ लिहिलेल्या विक्रीबाहेरच्या म्हणवणाऱ्या असतात (त्याही विकल्या जातात), आणि कधी वेगळ्या कागदावर रोमन आकड्यांची आणखी एक मालिका. एकूण किती, हे विचारायला लाजू नका. पहिल्या क्रमांकांसाठी जास्त पैसे मागणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. स्क्रीन प्रिंटमध्ये पहिली आणि शंभरावी प्रत सारखीच, शिवाय क्रमांक छपाईच्या क्रमानेच घातलेले असतात असंही नाही. रायलीच्या सगळ्या छापील कामांची सूची पुस्तकरूपात आहे. तिच्याशी माप, कागद आणि आवृत्ती ताडून बघा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला तरी प्रश्न विचारायचा. विकणाऱ्याने स्वतःच छापून दिलेल्या प्रमाणपत्राची किंमत त्या विकणाऱ्याइतकीच असते.

खरी प्रत घरी आणल्यावरही घोर संपत नाही. पुण्यात परतल्यावर मी एक वासारेली फ्रेमला दिला. समासाला हात लावायचा नाही, असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. दुकानातल्या कारागिराने चिठ्ठी बाजूला ठेवून चारही बाजू ‘सरळ’ केल्या आणि वर कागद पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवला. आकडा गेला, सहीचा शेपटा तेवढा उरला. मालकाने फ्रेमचे पैसे घेतले नाहीत, एवढीच काय ती भरपाई. चित्र अजूनही डोळ्यांपुढे तितकंच हलतं, पण बाजारात आता ते चित्र म्हणून कुणी धरणार नाही. म्हणून सांगतो, चित्र दुकानात ठेवून येऊ नका. समोर उभं राहून काम करून घ्या. कागद वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांनी टांगायचा, माउंट आम्लरहित हवा, आणि काच चित्राला टेकता कामा नये. आपल्या पावसाळ्यात काचेला टेकलेला सपाट काळा रंग काचेलाच चिकटतो.

उन्हाचं नुकसान इथे इतर चित्रांपेक्षा जास्त. निसर्गचित्रातलं आभाळ थोडं फिकं झालं तर चालून जातं. या चित्रांत मात्र दोन शेजारच्या रंगांची झटापट हाच सगळा खेळ असतो. गुलाबी किंवा जांभळा उडाला की फुगलेला गोल एकदम सपाट होतो. विकत घेताना फ्रेम उघडायला लावा आणि माउंटखाली झाकलेली रंगाची कड उघड्या भागाशी जुळते का ते बघा. उघडू देत नसेल तर उठून यावं. रायलीची 1965 ची ‘फ्रॅगमेंट्स’ मालिका तर कागदावर नसून प्लेक्सिग्लासवर आहे. तिथे ओरखडेच मोजायचे.

नुसती नक्षी आवडत असेल तर सहीच्या मागे लागूच नका. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी वासारेलीने केलेलं चित्र सही केलेल्या आवृत्तीतही निघालं आणि साध्या पोस्टरच्या रूपातही. मी पोस्टर घेतलं. फक्त एक लक्षात ठेवा, बिनसहीची, पण स्क्रीनवर छापलेली जुनी पोस्टरं हा लबाडांचा आवडता कच्चा माल आहे. कागद खरा, छपाई खरी, वयही खरं. भिंगाखाली सगळं पास होतं, आणि पेन्सिल तेवढी गेल्या आठवड्यातली असते.