एक गोळा, एक गाडी

गाणगापूरला आगगाडीने येणारे यात्रेकरू सोलापूर-वाडी मार्गावरील गाणगापूर रोड स्थानकावर उतरतात, हे आपणांस ठाऊक आहेच. एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आपल्या रेल्वेने नील यांच्या गोळा-टोकनाची युक्ती योजिली. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने अशी जखडलेली असत की, एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो हाती आल्यावाचून चालकाने पुढील टप्प्यात शिरावयाचे नाही, असा दंडक असे.

संगणकांच्या जाळ्यातही हाच पेच उभा राहतो. समजा, शाळेचे गुणपत्रक मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेविले आहे. गणिताच्या गुरुजींनी व मराठीच्या बाईंनी आपापल्या खोलीतून एकाच वेळी त्याची प्रत उघडली. गुरुजींनी गुण भरून फाइल जतन केली. मागाहून बाईंनी आपली जतन केली. बाईंच्या प्रतीत गणिताचा रकाना कोराच होता. झाले! सबंध वर्गाचे गणिताचे गुण पुसले गेले आणि यंत्राने अवाक्षरही काढले नाही. म्हणून लिहिणाऱ्याने आधी सर्व्हरकडून त्या फाइलीचे कुलूप मागून घ्यावयाचे असते. (युनिक्स प्रणालीत हे कुलूप बहुधा सल्ल्यापुरतेच असते. जो प्रोग्राम ते मागतच नाही, त्याला कोणी अडवीत नाही!)

परंतु कुलपाची किंमत वेळाने मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सर्व्हर 500 किलोमीटरवर असेल, तर विनंती जाऊन उत्तर येण्यास निदान 5 मिलिसेकंद लागणार. प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र कुलूप मागितले, तर एका संगणकाच्या एकामागून एक अशा सेकंदाला 200 हून अधिक नोंदी होणे नाही; मग यंत्र कितीही वेगवान असो. शिवाय कुलूप मिळताच जवळची जुनी प्रत टाकून ताजी आणावी लागते. सबंध फाइलीऐवजी तिच्या एका भागापुरतेच कुलूप घेता येते. लांब टप्प्याच्या मध्ये स्थानक बांधिल्यास अधिक गाड्या धावतात, तसेच हे. मात्र कुलपे वाढली की विनंत्याही वाढतात.

आणि कुलूप घेतलेला संगणकच बंद पडला तर? एनएफएस या प्रसिद्ध पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत कुलूप मुदतीने मिळते. मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते, न वाढविल्यास सर्व्हर ते दुसऱ्यास देऊ शकतो. येथेही एक खोच आहे. गुरुजींचा संगणक बंद न पडता नुसता गोठला, मुदत टळली, कुलूप बाईंना मिळाले; इतक्यात तो जागा होऊन जुन्याच भरवशावर लिहू लागला, तर पुन्हा पहिलाच घोटाळा! यास्तव काही व्यवस्थांत प्रत्येक कुलपाबरोबर चढता क्रमांक देतात. बाईंच्या 34 व्या क्रमांकाचे लेखन एकदा पोहोचले की, गुरुजींचे 33 व्या क्रमांकाचे लेखन परत येते आणि त्यांना फाइल नव्याने उघडून गुण पुन्हा भरावे लागतात.