आप्तवाक्य, विज्ञान आणि श्रद्धा

विज्ञान न शिकलेला मनुष्य जेव्हा ‘शास्त्रज्ञ सांगतात म्हणून हे खरे’ असे म्हणतो, तेव्हा त्याची ती धारणा आणि भाविकाची श्रद्धा यांत काही अंतर आहे काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. इच्छापोरहून हजिऱ्याच्या कारखान्यांत कामास जाणारा गृहस्थ, घरी रुग्णाची शुश्रूषा करणारी माता आणि मंदिरात तिथी विचारावयास येणारा यजमान, या सर्वांना तो कधी ना कधी सोडवावा लागतो. म्हणून प्रस्तुत पाठात त्याचा थोडा विचार करू.

सुरत शहरावर १९९४ च्या सप्टेंबरात आलेले प्लेगचे संकट वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात असेल. आधीच्या महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीचा प्लेग आढळला होता. सुरतेत मात्र फुप्फुसाचा प्लेग असल्याचे जाहीर झाले. थोड्याच दिवसांत लक्षावधी लोक शहर सोडून गेले, आणि टेट्रासायक्लिन नावाच्या औषधासाठी दुकानांवर झुंबड उडाली. ते औषध घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी प्लेगचा जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहिला होता? तो जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येरसिन यांनी शोधला, हेही फार थोड्यांना ठाऊक असणार. तरी सर्वांनी विश्वास ठेवला. वरवर पाहता हे तीर्थ घेण्यासारखेच झाले; हात पुढे केला आणि मुखात घातले.

मग हा विश्वास आंधळा म्हणावा काय? याचे उत्तर आपल्या न्यायदर्शनात सापडते. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वासार्ह पुरुषाचे वचन. सर्वच गोष्टी स्वतः पडताळून पाहणे कोणालाही शक्य नाही, म्हणून दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे हा दोष नव्हे, असे त्यांनी मानले. परंतु आप्त कोणास म्हणावे? भाष्यकार वात्स्यायनांनी त्याची तीन लक्षणे दिली आहेत. त्याला विषयाचे साक्षात ज्ञान असावे, प्राणिमात्रांविषयी दया असावी, आणि जसे आहे तसेच सांगण्याची इच्छा असावी. विशेष हे की, ही लक्षणे ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहेत, असेही ते स्पष्ट म्हणतात. तेव्हा येरसिन परदेशी होते, यास्तव त्यांचे वचन त्याज्य ठरत नाही. आणि कोणी स्वदेशी आहे, एवढ्याने त्याचे वचन ग्राह्यही ठरत नाही.

याहून मननीय गोष्ट पुढे आहे. वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना गौतमांनी न्यायसूत्रांत मंत्राबरोबर आयुर्वेदाचा दृष्टान्त दिला आहे. औषधाचा गुण येतो, म्हणून ते सांगणारा विश्वासार्ह ठरतो, हा त्यातील आशय. म्हणजे वचनावरील विश्वासाच्या मुळाशीही आमच्या पूर्वजांनी अनुभवाची कसोटी ठेवली होती.

ही कसोटी घेऊन पुन्हा सुरतेकडे पाहू. रोग खरोखर प्लेगच होता काय, याविषयी तज्ज्ञांतच वाद उत्पन्न झाला. सरकारने डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणांनीही प्लेगच्या जंतूचाच निर्वाळा दिला. आपल्याच निदानावर शंका घेणे आणि ती फेडण्यासाठी वर्षानुवर्षे श्रम करणे, हा विज्ञानाचा स्वभाव होय. सामान्य माणूस ते परीक्षण स्वतः करीत नाही. पण करणारे अनेक आहेत आणि ते एकमेकांना सूट देत नाहीत, हे तो जाणू शकतो. त्याच्या विश्वासाला एवढा आधार पुरेसा आहे.

दुसरे उदाहरण पंचांगाचे. वडिलांच्या पौरोहित्यामुळे आमच्या घरी ते रोज उघडले जाते. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला, आणि पुढे कित्येक पिढ्या त्यावरून पंचांगे होत राहिली. कालांतराने गणित आणि आकाश यांत अंतर दिसू लागले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, व त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघाले. जुने गणित सोडण्यास पुष्कळांचा विरोध होता. परंतु लोकमान्य टिळकांसारख्या धर्माभिमानी पुरुषानेही या सुधारणेचा पुरस्कार केला. ग्रंथ पूज्य खरा, पण ग्रहणाची वेळ सूर्यचंद्रच ठरवितात.

तथापि एक मर्यादा ध्यानी घ्यावी. राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा, याविषयी टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांचा मतभेद आहे. त्यामुळे काही वर्षी अधिक मास निराळा येऊन गणेशचतुर्थीत एका महिन्याचे अंतर पडते. चंद्र कोठे आहे, हे दुर्बीण सांगेल. मोजणी कोठून आरंभावी, हे संकेताने आणि परंपरेने ठरते. आणि व्रत कशासाठी करावे, हे तर दुर्बिणीच्या कक्षेतच येत नाही. येथे श्रद्धेचे क्षेत्र सुरू होते. विज्ञानावरील विश्वास हा पुरावा बदलताच बदलावयाचा असतो; ईश्वरावरील श्रद्धा ही मनुष्याने आपले आयुष्य कोणास वाहिले, याची निष्ठा असते. दोहोंस एकाच नावाने हाक मारली की दोहोंची हानी होते.

ती हानी कशी होते, हेही १९९४ साली दिसले. रोगाचा स्पर्श नसलेल्यांनीही कोणास न विचारता कॅप्सूल गिळल्या. हे औषध गर्भवती स्त्रियांस व आठ वर्षांखालील मुलांस सहसा देत नाहीत; त्याने मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. मात्रा कोणती, कोणास द्यावी, किती दिवस द्यावी, हे न पाहता घेतलेले औषध म्हणजे गळ्यात बांधलेला ताईतच. आजही मोबाईलवर ‘विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ एवढे शब्द वाचून आपण काढे, गोळ्या आणि पथ्ये स्वीकारतो. नाव विज्ञानाचे असते, वृत्ती मात्र तोडग्याची. असाच दुसरा दोष म्हणजे प्रत्येक आचाराला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र मिळविण्याची धडपड. तुळशीला पाणी घालण्यास ज्याला प्रयोगशाळेची संमती लागते, त्याची भक्तीही दृढ नाही आणि विज्ञानाची समजही.

सारांश, विज्ञान न शिकलेल्याचा विश्वास हा धर्मश्रद्धेसारखा दिसतो, पण तो तसा असलाच पाहिजे असे नाही. तो सांगणाऱ्याची पारख करून ठेवला, तर ते शब्दप्रमाण. पारख न करता ठेवला, तर ती केवळ भाबडेपणाची सवय. ही पारख करण्यास पदवी लागत नाही.

मननासाठी: गेल्या महिनाभरात आपण आरोग्याविषयी कोणाचे वचन खरे मानले? त्यास विषयाचे साक्षात ज्ञान होते काय? आपले हित आणि सत्यकथन याखेरीज त्याचा दुसरा काही हेतू होता काय? हे प्रश्न सायंकाळच्या आरतीनंतर घरातील मुलांसह बसून अवश्य विचारावेत.