घटक ६ : वजन, शब्द आणि बालमन

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• ‘कुपोषित’ या शब्दाची घडण व त्याच्या अर्थच्छटा स्पष्ट करणे.
• शरीर आणि मन या दोहोंची अवस्था एकत्र सांगणारे मराठी शब्द ओळखणे.
• नोंदवहीतील भाषा आणि आईशी बोलण्याची भाषा यांतील भेद नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात सांगणे.

६.१ प्रास्ताविक

व्यवहारक्षेत्र बदलले की भाषा कशी बदलते, हे मागील घटकात आपण पाहिले. न्यायालय, बाजार व वर्तमानपत्र ही तेथील उदाहरणे होती. या घटकात अंगणवाडीतील वजनकाट्याभोवती बोलली जाणारी भाषा तपासावयाची आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून लहान मुलांचे वजन नियमितपणे घेऊन नोंदविण्याची पद्धत खेडोपाडी पोहोचली. काटा वजन दाखवितो. त्या वजनाचा अर्थ मात्र शब्द सांगतात. हे शब्द आई ऐकते, आणि तीन-चार वर्षांचे मूलही ऐकते. म्हणून त्यांचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावयास हवा.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ नंदुरबार जिल्ह्याची भाषिक परिस्थिती

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. धडगाव परिसरात पावरी, नवापूर भागात मावची, सपाटीच्या प्रदेशात अहिराणी व गुजर बोली, याशिवाय भिली आणि कोकणी अशा अनेक बोली येथे नांदतात. शासकीय कामकाज प्रमाण मराठीत चालते.

२०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. म्हणजेच वजनाविषयीचे बोलणे या जिल्ह्यातील बहुसंख्य घरांशी संबंधित आहे, आणि ते बऱ्याचदा आईच्या बोलीबाहेरील भाषेत होते.

६.२.२ ‘कुपोषित’ : शब्दाची घडण

‘कु’ हा उपसर्ग केवळ न्यूनता दाखवीत नाही. ‘कुकर्म’, ‘कुपुत्र’, ‘कुख्यात’ या शब्दांत तो निंदाही सुचवितो. ‘पोषित’ हे ‘पुष्’ धातूपासून साधलेले कर्मणी धातुसाधित आहे. ‘ज्याचे पोषण वाईट रीतीने केले गेले आहे तो’ असा ‘कुपोषित’चा शब्दशः अर्थ होतो. कर्मणी रचनेत कर्ता गाळता येतो. मात्र ऐकणारा रिकामी जागा आपल्या मनाने भरतो. पोषण कोणी केले? समोर आई उभी असते, म्हणून दोष तिच्याकडे जातो. कोरडवाहू शेती, दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, जन्मतःच कमी असलेले वजन, वारंवार होणारे अतिसार, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर ही खरी कारणे वाक्याबाहेर राहतात.

आता व्याकरणाचा दुसरा मुद्दा पाहू. मराठीत शरीराच्या अवस्था बहुधा चतुर्थीने सांगितल्या जातात : ‘त्याला भूक लागली’, ‘तिला ताप आला’, ‘बाळाला खोकला झाला’. या रचनेत अवस्था व्यक्तीकडे येते, आणि जे येते ते जाऊही शकते. ‘तो कुपोषित आहे’ या वाक्यात मात्र विशेषण थेट व्यक्तीला चिकटते. पुढच्या पायरीवर विशेषणाचे नाम होते : ‘कुपोषितांची संख्या’. त्याही पुढे इंग्रजी आद्याक्षरांतून ‘सॅम’ व ‘मॅम’ हे शब्द तयार होतात. ‘सॅम’ म्हणजे तीव्र आणि ‘मॅम’ म्हणजे मध्यम कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हा तीव्र कुपोषणाचा एक निकष आहे. ‘आमच्याकडे दोन सॅम, पाच मॅम’ या वाक्यात रोगाची पायरी आणि मूल यांच्यात अंतरच उरत नाही.

६.२.३ देह आणि मन यांना जोडणारे शब्द

बोलचालीच्या मराठीने देह आणि मन यांची अशी फारकत केलेली नाही. ‘झुरणे’ या क्रियापदात मनाचे दुःख आणि देहाचा क्षय दोन्ही आहेत. ‘हाय खाणे’, ‘खंतावणे’, ‘सुकणे’, ‘कोमेजणे’ हे शब्दप्रयोगही तसेच. ‘मूल मलूल झाले आहे’ असे आई म्हणते तेव्हा ती अशक्तपणा आणि उदासी एकाच शब्दात सांगते. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ या वाक्यातही केवळ अन्नाची तक्रार नसते. घरातील ताण किंवा आजारपण हेही त्यामागे असू शकते.

अन्य भाषांतही अशी उदाहरणे आढळतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टर आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात काम करीत होत्या. १९३५ मध्ये त्यांनी तीव्र कुपोषणाच्या एका प्रकारासाठी ‘क्वाशिओरकोर’ हे नाव वैद्यकात रूढ केले. हा शब्द तेथील गा भाषेतील आहे. धाकटे भावंड आल्यामुळे आईच्या दुधापासून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. तेथील आयांच्या भाषेने आजाराचे नाव ठेवताना अन्न तुटणे आणि आईची कूस सुटणे ही दोन्ही कारणे ध्यानात घेतली होती. अशी मुले चिडचिडी, खिन्न व निरुत्साही असतात, हे वैद्यकानेही नोंदविले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र कुपोषणाच्या उपचाराचे दहा टप्पे सांगितले आहेत. त्यांतील नववा टप्पा मुलाला खेळ, संवेदनांची चालना आणि भावनिक आधार देण्याचा आहे. रोज पंधरा ते तीस मिनिटे ठरवून खेळ घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर १९८६ पासून झालेला अभ्यास याला पुष्टी देतो. काही मुलांना पूरक आहार, काहींना घरी येऊन घेतलेले खेळ, काहींना दोन्ही देण्यात आले. खेळ घेणाऱ्या कार्यकर्त्या दर आठवड्याला घरी जात, घरगुती वस्तूंची खेळणी वापरत आणि आईला मुलाशी बोलण्यास व खेळण्यास शिकवीत. ही मुले सतरा-अठरा वर्षांची झाली, तेव्हा खेळ मिळालेल्या मुलांत चिंता व नैराश्य कमी आणि आत्मसन्मान अधिक आढळला. अन्नाला पर्याय नाही. परंतु अन्नाबरोबर बोलणेही लागते, हा या अभ्यासाचा बोध आहे.

६.२.४ चिडविण्याचे शब्द

वजनदर्शक शब्दांत मराठी समृद्ध आहे. एका बाजूस ‘हडकुळा’, ‘किडकिडीत’, ‘पाप्याचे पितर’. दुसऱ्या बाजूस ‘बाळसेदार’, ‘गुटगुटीत’, ‘लठ्ठ’, ‘ढोल्या’. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ‘गुटगुटीत’ ही स्तुती असते, इतकी की दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावली जाते. तेच मूल शाळेत गेले की ‘ढोल्या’ होते. देह तोच असतो. समाजाची नजर बदललेली असते.

अशा शब्दांचा परिणाम क्षणिक असतो, असे समजू नये. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहाव्या वर्षापर्यंत ‘फार जाड’ म्हणून हिणविल्या गेलेल्या मुली एकोणिसाव्या वर्षी स्थूल असण्याची शक्यता अधिक आढळली. सुरुवातीचे वजन हिशेबात घेऊनही हा संबंध कायम राहिला. हा निष्कर्ष आपल्याकडील चार वर्षांच्या मुलास जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी हाक मारण्याचा शब्द मूल आपल्या ओळखीत सामावून घेते, हे त्यावरून ध्यानात येते.

६.२.५ दोन व्यवहार, दोन भाषा

मग ‘कुपोषण’ हा शब्दच टाळावा काय? नाही. अहवालात, ग्रामसभेत आणि निधीच्या मागणीत हा शब्द स्पष्टपणे यावयासच हवा. तेथे सौम्य शब्द वापरला, तर मुलांची उपासमार झाकली जाते आणि जबाबदार यंत्रणा सुटून जाते. प्रश्न स्थानाचा आहे. नोंदवहीत ‘तीव्र कुपोषित’ हा वर्ग आवश्यक आहे. मुलादेखत आईशी बोलताना मात्र अवस्था सांगावी, शिक्का मारू नये.

उदाहरणार्थ, ‘तुमचे मूल कुपोषित आहे’ या वाक्याऐवजी ‘बाळाचे वजन मागच्या महिन्यापेक्षा पाव किलो कमी भरले. मध्यंतरी ताप, जुलाब झाले होते का?’ असे म्हणता येते. पहिले वाक्य निवाडा देते आणि संभाषण संपविते. दुसरे वाक्य प्रश्न विचारते आणि कारणाकडे नेते. त्यास ‘खेळतो का? हसतो का? कोणाकडे झेपावतो का?’ या प्रश्नांची जोड दिली, तर मनाचीही चौकशी होते. हे प्रश्न पावरीत, मावचीत किंवा भिलीत विचारले गेले, तर ‘मलूल’सारखा नेमका शब्द आईच्या तोंडून तिच्याच बोलीत येईल. भाषांतरात असे शब्दच आधी गळतात.

६.३ सारांश

‘कुपोषित’ या शब्दात निंदासूचक उपसर्ग व कर्ता गाळणारी रचना असल्याने दोष नकळत आईकडे जातो. विशेषणाचे नाम झाले की मूल आणि त्याची अवस्था एकरूप होतात. बोलचालीची मराठी देह व मन यांना जोडून पाहते, आणि वैद्यकीय अनुभव त्यास दुजोरा देतो. अहवालातील स्पष्ट शब्द आणि संवादातील जपून वापरलेला शब्द, दोन्ही मुलाच्या हिताचे आहेत.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कुपोषित’ या शब्दाचे रूपविश्लेषण करून त्यातून सूचित होणारा दोषारोप स्पष्ट करा.
२. ‘त्याला ताप आला’ आणि ‘तो कुपोषित आहे’ या वाक्यरचनांची तुलना करा.
३. ‘झुरणे’, ‘मलूल’, ‘हाय खाणे’ यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करून देह-मनाचा संबंध दाखवा.

उपक्रम : आपल्या घरच्या बोलीत लहान मुलाची प्रकृती व मनःस्थिती सांगणारे दहा शब्द घरातील ज्येष्ठ स्त्रियांना विचारून लिहून काढा. प्रत्येक शब्द केव्हा, कोणासमोर व कोणत्या स्वरात उच्चारला जातो, याची नोंद करा. त्यांतील कोणते शब्द मुलादेखत वापरू नयेत असे त्या सांगतात, तेही विचारा.