ट्रॉलीचे उघडे लोखंड

उंद्री हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील गाव. तिथे काय किंवा आसपासच्या कोणत्याही गावात काय, रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी जुनी ट्रॅक्टर-ट्रॉली जरा जवळ जाऊन पाहा. तिचा रंग सगळीकडे सारखा गेलेला नसतो. तळाचा पत्रा माती-दगडांनी घासून चकचकीत झालेला असतो. बाजूच्या पत्र्यांवर रंग बराचसा शाबूत असतो. चाकांजवळ, जिथे रस्त्याचे खडे उडून बसतात, तिथे तो टिकल्याटिकल्यांनी उडालेला असतो. आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर बसवलेल्या असतात, त्या सांध्यातून तांबूस ओघळ उतरलेले दिसतात. ट्रॉली एकच, रंग एकच, लावला तोही एकाच दिवशी. मग असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर सापडले, की उघड्या लोखंडाला कोणते आवरण द्यावे हेही बरेचसे कळते. खाणीतून मुरूम वाहणारा ट्रक असो की शेतात उतरणारी जीप, गोष्ट तीच.

लोखंड गंजण्यास प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. पण गंजताना तिथे एक लहानसा विद्युत् घटच तयार होतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. एका जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथे प्राणवायू व पाणी त्यांना घेतात. पहिली जागा धनाग्र, दुसरी ऋणाग्र. झीज होते ती धनाग्राची.

आता सांगाड्यावर थापून बसलेल्या काळ्या मातीच्या चिखलाचा विचार करा. ही माती पाणी धरून ठेवते. पाऊस थांबून सगळी ट्रॉली सुकली तरी चिखलाखाली ओल राहतेच. शिवाय चिखलाच्या कडेला हवा भरपूर आणि आत हवा कमी. ज्या ठिकाणी प्राणवायू जास्त पोहोचतो ते ऋणाग्र बनते आणि जिथे तो पोहोचत नाही तिथले लोखंड खाल्ले जाते! ऐकायला हे उलटे वाटते. पण चिखल खरवडून पाहिल्यावर खड्डे त्याच्या खालीच सापडतात, ते याच कारणाने. सांध्यातल्या फटीतही हेच घडते. वर गंज लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे फट फुगते, पट्ट्या वाकतात आणि आणखी पाणी आत शिरते.

पाण्यात क्षार असला, की वीज सहज वाहते आणि घटाचा जोर वाढतो. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा प्रसिद्धच आहे. पण खारे पाणी नसलेल्या गावातही आपण क्षार पोत्याने विकत आणतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या पोत्यातले खत ट्रॉलीच्या कोपऱ्यात सांडते, हवेतली ओल शोषून घेते आणि रात्रंदिवस आपले काम करीत राहते. खत वाहून झाले की ट्रॉली पाण्याने धुणे, हा रंगापेक्षाही स्वस्त इलाज आहे.

आवरण निवडताना लोक विचारतात, ‘कोणता रंग सर्वांत टिकाऊ?’ मला वाटते, प्रश्न असा हवा: पहिला दगड लागून आवरण फुटल्यावर पुढे काय होते? कारण कच्च्या रस्त्यावर ते फुटणार, याबद्दल शंका बाळगू नये.

याचे उत्तर शोधण्यासाठी एक प्रयोग करा. चार बशांत कापूस ठेवा. एक पेला पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून तो कापूस भिजवा. तीन साधे लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याला ऑईलपेंटचा किंवा नखांना लावायच्या रंगाचा जाड थर द्या आणि तो वाळल्यावर टोकदार वस्तूने एक ओरखडा काढा. तिसऱ्या खिळ्यावर तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. चौथा खिळा जस्ती घ्या, छपराच्या पत्र्यांना वापरतात तो. त्यावर कानशीने बारीक ओरखडा काढा, खालचे लोखंड दिसेपर्यंत. चारही खिळे ओल्या कापसावर ठेवा आणि कापूस सुकू देऊ नका.

दोनतीन दिवसांत पहिला खिळा गंजेल. तांब्याची तार गुंडाळलेला त्याहून जोरात गंजेल, कारण तांब्याच्या सोबतीत लोखंडाला धनाग्र व्हावे लागते. रंगवलेला खिळा ओरखड्यावर तांबूस होईल. त्याला आणखी काही दिवस तसाच ठेवून रंगाची कड नखाने उचला. गंज रंगाच्या खाली सरकू लागलेला दिसेल. जस्ती खिळ्याच्या ओरखड्यावर मात्र तांबडा डाग सहसा दिसत नाही, भोवती पांढरी भुकटी दिसते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवीत असते.

ही युक्ती जुनी आहे. १८२४ साली हंफ्री डेव्ही याने इंग्लंडच्या युद्धनौकांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा झिजू नये म्हणून त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजायचे थांबले, पण त्यावर शंखशिंपले बसून जहाजे मंदावली; त्यांना दूर ठेवणारे विष म्हणजे विरघळणारे तांबेच होते! लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडविण्याच्या कृतीचे पेटंट पुढे १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने घेतले. आजही तेच करतात. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या जस्ताच्या कुंडात वस्तू बुडवितात आणि जाड पोलादावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर चढतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा.

मग सगळी ट्रॉलीच जस्तात बुडवावी का? सांगाडा बुडविता आला तर उत्तमच. पण तो गावात होणारा उद्योग नव्हे आणि त्यात दोन अडचणी आहेत. बंद नळ्यांना आधी भोके पाडावी लागतात. नाही तर आत अडकलेल्या ओलीची वाफ होऊन कुंडातच स्फोट होतो. शिवाय जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश, वेल्डिंगची ज्वाला त्याहून कितीतरी तप्त. जस्ती भागावर पुढे वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेल्यास रात्री थंडी-ताप भरतो. वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे.

पावडर कोटिंगची हल्ली फार चलती आहे. विजेचा भार दिलेली रंगाची भुकटी धातूवर बसवून भट्टीत सुमारे २०० अंशांपर्यंत भाजतात. थर सुरेख आणि चिवट येतो. ज्या भागाला दगड लागत नाहीत तिथे तो खुशाल वापरावा. पण खालच्या अंगाला तो फुटला, की पाणी त्या जाड सालीखाली शिरते आणि वरून काहीच कळत नाही. गावात त्याची डागडुजीही होत नाही. सांगाड्यासाठी मी साधा प्राइमर आणि ब्रशने लावायचा रंगच पसंत करीन, कारण मुलगासुद्धा तारेचा ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन तो दुरुस्त करू शकतो. जस्ताची पूड असलेला प्राइमर मिळाला तर आणखी चांगले. मात्र वाळलेल्या थरात वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास जस्त हवे. कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकले तरच त्यांच्यातून वीज वाहील.

प्राइमरवरून आठवले. बाजारातला तांबडा रेड ऑक्साइड प्राइमर म्हणजे मुख्यतः आपला गेरूच, लोखंडाचे ऑक्साइड. लोखंडाला गंजाच्याच भावंडाने झाकायचे, ही गंमतच. तो केवळ आडोसा करतो. पूर्वी पुलांना लावीत तो शेंदरी प्राइमर वेगळा. तो शिशाचे ऑक्साइड, म्हणजे खरोखरीच मारुतीचा शेंदूर. गंज रोखण्यात तो वाकबगार होता, पण शिसे विषारी. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घातली आहे. जुना शेंदरी थर कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये.

रंग कोणताही असो, खालची तयारी अर्धी राहिली तर पैसे पाण्यात. नव्या चॅनेलवर निळसर काळी खपली असते. ती पाहून पुष्कळांना वाटते, हा कारखान्याने दिलेला थर असावा. पोलाद तापवून लाटताना बनलेले ते ऑक्साइड असते. ते वीज वाहून नेते आणि ठिसूळही असते. जिथे तडकते तिथले लोखंड धनाग्र होते, आणि काही महिन्यांनी खपलीसकट रंग गळून पडतो. ती ग्राइंडरने काढावी, तेलकटपणा थिनरने पुसावा आणि त्याच दिवशी प्राइमर लावावा.

तळाच्या पत्र्याला मात्र रंगाचा आग्रह धरू नये. तो घासला जाणारच. तिथे पत्रा जाड घेणे आणि तो कोरडा ठेवणे एवढेच हाती असते. वखराची पास आणि नांगराचा फाळ यांचेही तसेच. हंगाम संपला की धुऊन, पुसून, ग्रीसचा हात द्यावा आणि छपराखाली ठेवावे. हुकाच्या पिनेलाही ग्रीसच बरे. जळके ऑईल पुष्कळ जण फासतात. हंगामभर त्याचा उपयोग होतो हे खरे, पण ते मातीत ठिबकते आणि त्यातली काही द्रव्ये कातडीला घातक असतात.

आता राहिले कमानीचे पाटे आणि कठीण पोलादाचे बोल्ट. इथे चूक झाली तर ती अंगावर येते. बोल्टच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असे आकडे असतील, तर ते वाचायला शिका. १०.९ मधील १० म्हणजे हे पोलाद तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटन ताण सोसते, आणि ९ म्हणजे त्याच्या ९० टक्के ताणापर्यंत ते कायमचे लांबत नाही. असा गंजलेला बोल्ट किंवा पाटा चकचकीत करण्यासाठी तेजाबात टाकला, किंवा विजेने त्यावर जस्त चढविले, तर हायड्रोजन निर्माण होतो. त्याचे काही अणू पोलादात शिरतात आणि ते ठिसूळ होते. वरून बोल्ट नवा दिसतो. आवळल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तो काडीसारखा तुटतो. चांगल्या कारखान्यात असे बोल्ट विलेपनानंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भाजून हायड्रोजन घालवितात; गल्लीतल्या तेजाबाच्या डब्याला ते जमणारे नाही. मऊ पोलादाच्या साध्या बोल्टांना हा धोका नसतो. पाटे तारेच्या ब्रशने साफ करून ग्रॅफाइटयुक्त ग्रीस लावावे. गंजलेला कठीण बोल्ट साफ न करता बदलावा, आणि नवा बोल्टही तेच आकडे पाहून घ्यावा. याच ट्रॉलीत संध्याकाळी कापूस वेचून परतणाऱ्या बायका बसलेल्या असतात.

पावसाळ्याच्या आधी घरच्या किंवा शेजारच्या ट्रॉलीखाली वाकून एकदा पाहा. चिखल खरवडायला एक खुरपे सोबत घ्या आणि जिथे खड्डे सापडतील त्या जागा खडूने खुणावून ठेवा.