धाडसी निर्णय आणि धिमे काम : हिवरे बाजारचा पाठ

(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी व पाचवी)

उद्देश : गावाचे पाणी राखावयाचे तर काही गोष्टी तत्काळ थांबवाव्या लागतात, तर काही वर्षानुवर्षे कराव्या लागतात, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

प्रस्तावना : अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव होय. तेथील सरासरी पाऊस वर्षाला सुमारे 400 मिलिमीटर. 1972 च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या व पुष्कळ माणसे पोटासाठी गाव सोडून गेली. 1990 च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामसभेने गाव सावरण्याचे काम हाती घेतले.

विवेचन : ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली. पुढे शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास मनाई झाली व उसासारखी पाणीखाऊ पिके वर्ज्य ठरली. हे निर्णय धाडसाचे होते. कारण चराईबंदीची झळ प्रथम शेळीवाल्यासच लागते.

दुसरे काम धिमे होते. श्रमदानाने व सरकारी योजनांच्या साहाय्याने डोंगरउतारावर समतल चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. चरात मुरलेले पाणी विहिरीत दिसण्यास काळ जावा लागतो. डोंगरावर गवत वाढले, ते कापून नेण्याची मुभा मिळाली, तेव्हा दूधधंद्यास आधार मिळाला व बंदीची झळ सोसण्याजोगी झाली.

तात्पर्य : नुसती बंदी केली असती तर ती लोकांनी फार दिवस पाळली नसती. नुसते चर खोदले असते तर रोपे गुरांनी खाल्ली असती आणि मुरलेले पाणी कूपनलिकांनी उपसून नेले असते. धाडसाने हानी थांबते. सातत्याने ती भरून निघते.

गणित : 1 हेक्टर जमिनीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी होते. तर 400 मिलिमीटर पावसाचे किती? (उत्तर : 40 लाख लिटर)

स्वाध्याय : आपल्या गावात आजच थांबविता येईल अशी एक गोष्ट व दहा वर्षे करावी लागेल अशी एक गोष्ट लिहा. पहिलीमुळे कोणाची अडचण होईल व तिचा उपाय काय, तेही लिहा.

शिक्षकांस सूचना : वर्गात मेंढपाळांची व शेळीपालकांची मुले असतात. चराईबंदी शिकविताना दोष त्यांच्या घरावर येऊ देऊ नये. त्यांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून वदवून घ्याव्यात; त्यांवाचून हा पाठ अपुरा राहील.